एअरबोटीचा कल्ला कसा कमी करायचा?

प्रश्न: गोदावरीत जलपर्णी लई झाली, साध्या बोटीचा पंखा तिच्यात गुंततो म्हणून आम्ही जुन्या कारचं इंजिन टाकून मागं हवेचा पंखा असलेली एअरबोट बनवली. पण आवाज असा की घाटावरचे लोक शिव्या घालतात. मोठा सायलेन्सर बसवला, फार फरक नाही. – एक वाचक, नांदेड

उत्तर: सायलेन्सर लावला ते बरंच केलं, पण भाऊ, जास्त कल्ला पंख्याचा असतो, त्यातही पात्याच्या टोकाचा. हिशेब करा ना, पंखा 1.8 मीटर व्यासाचा अन् मिनिटाला 3000 फेरे धरले तर टोक सेकंदाला जवळपास 283 मीटर पळतं, आवाजाचा स्वतःचा वेग 340 च्या आसपास, मग ते करवतीसारखं किंचाळणारच. मधे बेल्टचं नाहीतर गिअरचं रिडक्शन टाका, म्हणजे इंजिनापेक्षा पंखा हळू फिरवणारी जोडणी, पंखा 2000 वर आणला की टोक 190 च्या खाली येतं. जोर कमी पडेल, तो रुंद किंवा जास्त पात्यांनी भरून काढायचा, दोनाच्या जागी चार. इंजिन मात्र त्याच्या ताकदीच्या फेऱ्यांवरच फिरू द्या.

अजून एक, पात्याच्या अगदी पुढं रेडिएटर, टाकी, जाड पाईप असं काही आहे का बघा, हवा त्यावर फाटून येते अन् पातं तिथून गेलं की दरवेळी फटफट वाजतं. जरा लांब सरकवा, पण जाळी काढायची नाही हं, बोटं जातील. अन् चालवताना कानाला इअरमफ, नुसता रुमाल बांधून भागत नाही.