ब्रिटिश मॉडेल रेल्वे सुरू करायची आहे, खोली ७ बाय ६ फुटांची. कोणत्या मापात करू: डबल-ओ (खऱ्याच्या १/७६), एन (१/१४८) की टीटी:१२० (१/१२०)?

डबल-ओ घ्या. आणि "ते स्केलच चुकीचं आहे" असं सांगायला कोणी आलाच, तर त्याला आधी स्वतःची गाडी चालवून दाखवायला सांगा.

एवढं तिखट लिहायला कारण आमचे दाजी. ते इंग्लंडमधल्या स्लाऊला, आम्ही जवळच रेडिंगला. गणपतीत आमच्याकडे आले. घर पाहुण्यांनी भरलेलं, पोरं माझ्या डबल-ओ रेल्वेच्या बोर्डाला चिकटलेली, आणि या माणसानं खिशातून व्हर्नियर कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं यंत्र) काढला! आरतीच्या आधी! रुळांमध्ये धरला आणि म्हणाले, "साडेसोळा मिलिमीटर. फुटाला चार मिलिमीटर धरले तर ४ फूट दीड इंच. बाकीचे सात इंच कुठे गेले रे?"

खऱ्या रुळांमधलं अंतर ४ फूट साडेआठ इंच, तेव्हा हिशेब बरोबर आहे, तो नाकारतंय कोण? ब्रिटनमधले पूल-बोगदे अरुंद, म्हणून इथली इंजिनं युरोपातल्यांपेक्षा अंगानं बारीक. जुन्या काळच्या मोटारी एचओच्या (युरोपातलं १:८७ चं माप) मापात मावेनात, म्हणून रूळ एचओचेच ठेवून वरची गाडी १:७६ ला मोठी केली. १९३८ साली हॉर्नबी कंपनीचं 'डब्लो' आलं आणि ती तडजोड पक्की झाली.

दाजींचं पी-फोर, म्हणजे गाडी डबल-ओच्याच मापाची, पण रुळांमधलं अंतर खऱ्या प्रमाणात, १८.८३ मिलिमीटर. रूळ हातानं घातलेले, स्लीपरवर एकेक चेअर (रूळ धरून ठेवणारी खाच) चिकटवलेली. काम देखणं आहे, खोटं कशाला बोलू. पण चाकांच्या कडा इतक्या बारीक की बोर्ड जरा वाकला की इंजिन खाली. मी जावं तेव्हा एक टँक इंजिन (पाणी-कोळसा स्वतःवरच वाहणारं छोटं इंजिन) पाय वर करून पडलेलं आणि दाजी त्याच्या दोन चाकांमधलं अंतर मोजतायत. भाचे मोबाइलवर. गाडी शेवटची कधी पळाली, ते ताईला विचारा.

तुमच्या खोलीत ४३८ मिलिमीटर त्रिज्येचं वळण आरामात बसेल. अडेल ते लांबीत. मार्क-वनचा (ब्रिटिश रेल्वेचा जुना प्रवासी डबा) एक डबा डबल-ओत २५८ मिलिमीटरचा. पाच डबे आणि मोठं इंजिन म्हणजे दीड मीटरच्या वर. तेव्हा ब्रँच लाइन (छोटा फाटा) करा, टँक इंजिन आणि दोन डबे. एक्स्प्रेसच पळवायची असेल तर एन, तिथे तोच डबा १३३ मिलिमीटरचा होतो. मात्र चाळिशीचा चष्मा लागला असेल तर जपून. आणि एनचे ९ मिलिमीटर १:१४८ ला धरले तर ४ फूट ४ इंचच भरतात. त्यावर कॅलिपरवाले गप्प असतात.

टीटी:१२० मात्र मापाला चोख: १२ गुणिले १२० म्हणजे १४४० मिलिमीटर, खरं अंतर १४३५. खरं तर तुमच्या खोलीला तेच जास्त सोयीचं. पण हॉर्नबी आणि रूळ बनवणारी पेको कंपनी त्यात उतरल्या २०२२ मध्ये, त्यामुळे सेकंड-हँड माल कमी; डबल-ओचा मात्र प्रत्येक प्रदर्शनात ढिगानं पडलेला असतो.

डीसीसीचा (गाड्या डिजिटल पद्धतीनं चालवण्याचा) विषय मुद्दाम काढलेला नाही. त्यावर दाजींचं आणि माझं वेगळंच चालू आहे.