आऊटडोअर पी ३.९१ एलईडी वॉलचे मास्क उन्हात फुगतायत: काढू की ॲक्रिलिक लावू?

दादा, तुमचा प्रश्न असा की जत्रेच्या सीझनला दुपारी पी ३.९१ ची (दोन एलईडींमधलं अंतर ३.९१ मिलिमीटर) एलईडी वॉल उभी केली की पॅनलवरचे काळे प्लास्टिकचे मास्क, म्हणजे एलईडींच्या मधल्या जाळ्या, मध्येच वर येतात, बाजूने बघितलं की काळे पट्टे दिसतात, म्हणून मास्क काढूनच टाकावे का, नाहीतर वरून पारदर्शक ॲक्रिलिक शीट मारावी का. दोन्ही करू नका. मी दोन्ही करून बघितलंय आणि दोन्ही वेळा पैसे गेलेत.

मास्क काढला तेव्हा पहिल्या दोन शोला काहीच झालं नाही, उलट चित्र जरा उजळ वाटलं, मग टेम्पोतून उतरवताना एका पोराच्या हातातला दोर पॅनलवरून घासत गेला आणि एका फटक्यात अकरा एलईडी खाली पडले. ती एलईडी जेमतेम दोन मिलिमीटरची, एवढ्याशा सोल्डरवर उभी असते. मास्क तिच्यापेक्षा किंचित उंच असतो तो याच्यासाठीच, धक्का मास्कला बसतो. आणि दिवसाच्या सभेला तर मास्कशिवाय चालतच नाही, कारण वरचं ऊन सरळ एलईडीवर पडतं आणि काळा रंग राखाडी दिसायला लागतो, मग ब्राइटनेस शंभर टक्के केला तरी चित्र धुतल्यासारखंच.

ॲक्रिलिकचं तर विचारूच नका. शीटच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, तेवढा उजेड गेला त्याचं दुःख नाही पण तीच शीट समोरचं आभाळ, स्टेजचे पार लाइट, मंडपाचा पांढरा कापड सगळं आरशासारखं दाखवते. आत उष्णता कोंडते, धूळ शिरली की पुसता येत नाही. लग्नात स्टेजच्या खालच्या ओळीला लहान पोरं हात लावतात तिथे फक्त तेवढ्या ओळीपुरती मॅट शीट लावली तर समजू शकतो, पण ती पॅनलला चिकटून पाहिजे, अंतर वाढलं की अक्षरं फुटायला लागतात.

आता मुद्द्याचं. मास्क पॉलिकार्बोनेटचा असतो आणि हे प्लास्टिक उन्हात ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट वाढतं. हिशोब करून बघा, मॉड्यूल (पॅनलमधला एक चौकोनी तुकडा, त्यावर एक मास्क) २५० मिलिमीटरचं, सकाळी २५ डिग्री आणि दुपारी काळं प्लास्टिक ६५ ला गेलं तर मास्क साधारण ०.७ मिलिमीटर वाढणार आणि कॅबिनेट, म्हणजे पॅनलची ॲल्युमिनियमची चौकट, जेमतेम पाव मिलिमीटर. उरलेली वाढ जाणार कुठे? जागा नसली की वरच येणार.

म्हणून आधी दुपारी गरम असतानाच बघा की फुगतंय कुठे. दोन मॉड्यूलच्या सांध्यावर कड वर येत असेल तर शेजारचा मास्क ढकलतोय. सांधा नीट आहे आणि दोन स्क्रूंच्या मध्येच फुगा आलाय तर स्क्रू जास्त आवळलेत, किंवा कुणीतरी मूळचे हरवले म्हणून जाड स्क्रू घातलेत, हे फार बघितलंय. तिथे घासाघाशी करायचीच नाही, मूळ मापाचे स्क्रू घालायचे, टेकला की थांबायचं, ड्रिल मशीन लावायचं नाही.

सांध्यावरच्या मास्कला मात्र कड घासावी लागते. आधी पॉवर बंद, हाताला अर्थिंगचा पट्टा (कोरड्या हवेत निळी आणि हिरवी एलईडी स्टॅटिकने जाते, लाल त्यामानाने तगते), मग मास्क पूर्ण काढून घ्या. मॉड्यूलवर असताना घासू नका, भुसा एलईडीत बसतो आणि मग ब्रशने घालवता घालवता अर्धा दिवस जातो. जाड काचेच्या तुकड्यावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून पसरवा आणि मास्कची कड त्यावर सरळ ओढा, दर बाजूला पाव मिलिमीटरच्या आत, व्हर्नियरने मोजत मोजत. आतल्या भोकांना आणि वरच्या छोट्या पट्ट्यांना हात लावायचा नाही, सावली त्याच पट्ट्या देतात. एक मास्क करा, दुपारच्या उन्हात लावून बघा, मग बाकीचे.

घासलेली कड पांढुरकी होते आणि कॅमेऱ्यात रेघ दिसते. तिच्यावर पाण्यातला मॅट काळा रंग बारीक ब्रशने. स्प्रे नको, थिनर नको, ॲसिटोन तर अजिबात नको, पॉलिकार्बोनेटला केसासारख्या चिरा पडतात आणि त्या लगेच दिसत नाहीत, पंधरा दिवसांनी स्क्रूच्या भोकापासून तुटतं. स्क्रू सैल पडू नये म्हणून लावतात ते लॉकचं लिक्विडपण याच कारणाने नको. धुवायला साधा साबण आणि पाणी, पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका.

आणि तुटलेल्या मास्कच्या जागी नवे मधेमधे घालू नका. जुने उन्हाने राखाडी झालेले असतात, वॉल काळी ठेवली की बुद्धिबळाचा पट दिसतो. नवे सगळे एका बाजूच्या पॅनलना लावा आणि जुने सगळ्यात वरच्या ओळीत न्या.

तुमच्या पॅनलचा सांध्याजवळचा फोटो दुपारी दोनच्या सुमारास काढून पाठवा, बाजूने काढलेला पाहिजे, समोरून काढलेल्यात फुगा कळत नाही. स्क्रूंचापण एक फोटो पाठवा, शेजारी पट्टी धरून.