उंच मनोरा, पण बटाटे तळालाच का?

परसबागेतले प्रश्न

दसऱ्याच्या आसपास बटाट्याची पत्रं येऊ लागतात. यंदा जवळजवळ सगळ्यांनी एकच विषय धरलाय: जाळी, गोणी, पिंप, जुने टायर यांत उभे बटाटे घ्यायचे. म्हणून या वेळचं सदर तेवढ्यापुरतंच.

साडेतीन फूट उंच जाळीचा गोल केला. तळाशी पाच बटाटे लावले आणि रोपं वाढतील तशी माती चढवत गेलो. पाला जोरात होता. पण काढणीला मनोरा उकलला तर वरची अडीच फूट माती कोरी, आणि तळात जेमतेम दीड किलो बटाटे. काय चुकलं? — एक वाचक, नाशिक

हात चुकला नाही, कल्पनाच चुकीची होती. बटाटा हे मूळ नव्हे, खोडाचा प्रकार आहे. जमिनीत गेलेल्या खोडाच्या खालच्या पेरांवरून आडवे पांढरे धुमारे निघतात आणि त्यांचं टोक फुगून बटाटा होतो. आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या लवकर आणि मध्यम मुदतीच्या जातींत हे धुमारे बेण्याच्या, म्हणजे लावलेल्या बटाट्याच्या, जवळपास, साधारण वीतभर मातीतच निघतात. लावणीनंतर पाच-सहा आठवड्यांत बटाटे धरायला सुरुवात होते. त्यानंतर कितीही माती चढवली तरी रोप वर नवा मजला बांधत नाही. उलट पानं मातीत गाडली गेली की अन्न तयार करणारा कारखानाच बंद पडतो, आणि पुन्हा उजेडात येण्यासाठी रोप आपली शिल्लक खोडावर खर्च करतं.

'चार चौरस फुटांत ४५ किलो' अशी चित्रं मोबाइलवर फिरतात. त्याचं गणित मांडून बघा. चार चौरस फूट म्हणजे ०.३७ चौरस मीटर, म्हणजे हा उतारा हेक्टरी बाराशे टन झाला. देशाची सरासरी हेक्टरी पंचवीस टनांच्या आसपास आहे. बाकी काही सांगायला नको.

मग भर लावायची, म्हणजे माती चढवायची, तरी कशाला? चार कारणांसाठी: बटाट्याला ऊन लागून तो हिरवा होऊ नये, पाकोळीला, म्हणजे बटाटा पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाला, अंडी घालायला तो उघडा सापडू नये, माती थंड राहावी आणि ओल टिकावी. या सगळ्याला बेण्याच्या वर वीस ते पंचवीस सेंटिमीटर माती पुरते. बेण्याखालचा थर धरून दोन फूट उंची खूप झाली. चांगल्या निगेत एका बेण्यामागे तीनशे ते सहाशे ग्रॅम बटाटे मिळतात. तुमच्या पाच बेण्यांतून दीड किलो निघाले, म्हणजे तुम्ही नापास नाही.

उंचीचा खरोखर उपयोग करायचा असेल तर बेणंच थरांत लावावं लागतं. वीस सेंटिमीटर मिश्रण, मग कडेपासून आठ-दहा सेंटिमीटर आत चार बेणी, कोंब बाहेरच्या बाजूला वळवलेले. पुन्हा वीस सेंटिमीटर मिश्रण, पुन्हा बेणी. कोंब जाळीतून आडवे बाहेर येतात आणि प्रत्येक थराला आपापले बटाटे धरतात. मात्र हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडची रोपं उन्हाविना लांबट होतात. त्या बाजूला बेणं लावूच नका.

जाळीचा मनोरा करायचा आहे. मापं आणि मिश्रण नेमकं सांगाल का? — एक वाचक, जळगाव

हार्डवेअरच्या दुकानातून दोन फूट रुंदीची, एक इंची चौकोनाची वेल्डमेश जाळी दोन मीटर घ्या. साधी कोंबडीची जाळी ओल्या मातीच्या भाराने फुगते आणि गोल एका बाजूला कलतो. दोन्ही टोकं दहा-बारा सेंटिमीटर एकावर एक घेऊन बांधकामाच्या तारेने चार ठिकाणी आवळा. व्यास साठ सेंटिमीटरचा होतो. आतून गोणपाट किंवा जुनं शेडनेट लावा, नाहीतर प्रत्येक पाण्याबरोबर माती बाहेर येईल. गोल थेट जमिनीवर ठेवणार असाल तर खाली त्याच जाळीचा तुकडा अंथरा. घूस खालूनच येते.

मधोमध दीड-दोन इंची पीव्हीसी पाइप उभा करा. दर दहा सेंटिमीटरवर सहा मिलिमीटरची भोकं पाडा आणि खालचं टोक बूच लावून बंद करा. अशा वाफ्यात वरून घातलेलं पाणी कडेने निसटतं आणि मधला गाभा कोरडा राहतो. पाइपमुळे पाणी आतून झिरपतं.

दहा लिटरच्या घमेल्याने मोजलं तर चौदा घमेली मिश्रण लागतं. पाच घमेली चाळलेली माती, चार पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, चार भिजवून पिळलेलं कोकोपीट किंवा अर्धवट कुजलेला पालापाचोळा, एक जाड वाळू. माती काळी, चिकट असेल तर ती तीन घमेली घ्या आणि वाळू तीन; काळी माती वाळून भेगाळली की भेगांतून उजेड थेट बटाट्यापर्यंत जातो. त्यात दोनशे ग्रॅम निंबोळी पेंड आणि शंभर ग्रॅम हाडांचा चुरा मिसळा. चुना अजिबात नको, राखही मूठभराच्या वर नको. बटाट्याला किंचित आम्ल माती मानवते. मिश्रण अल्कधर्मी झालं किंवा शेणखत ताजं राहिलं की सालीवर खरबरीत खवले येतात.

तळाला चार घमेली भरा. त्यावर पाच बेणी, कोंब वर करून, एकमेकांपासून वीस आणि कडेपासून दहा सेंटिमीटरवर ठेवा. वर तीन घमेली. रोपं वीतभर झाली, म्हणजे साधारण पंचविसाव्या दिवशी, शेंड्याकडची पानं उघडी ठेवून साडेतीन घमेली चढवा. आणखी दहा-बारा दिवसांनी उरलेली साडेतीन. पंचेचाळीस दिवसांनंतर माती चढवायची नाही. मिश्रण दबून खाली बसतं, तेव्हा वर पालापाचोळ्याचं चार बोटं आच्छादन घाला.

बाजारातला बटाटा बेणं म्हणून चालेल? एकदा लावला तर महिनाभर उगवलाच नाही. — एक वाचक, कोल्हापूर

कोणता बटाटा, यावर ठरतं. काढणीनंतर बटाटा सुमारे दोन महिने झोपेत असतो आणि त्या काळात कोंब फुटत नाहीत. दिवाळीआधी मंचर-खेडकडचा पावसाळी नवा बटाटा बाजारात येतो. पातळ सालीचा, चवीला छान, पण लावायला निरुपयोगी. त्याच वेळी शीतगृहातला जुना बटाटाही मिळतो. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला असल्याने झोप पूर्ण झालेली असते. काही ठिकाणी मोड न येण्यासाठी त्याच्यावर औषध मारलेलं असतं, म्हणून आधी दोन-चार बटाटे आणून उजेडात, पण उन्हात नाही, दोन आठवडे ठेवून बघा. आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब आले तर आणखी आणा. अंधारात फुटलेले लांब पांढरे कोंब लावताना मोडतात.

तरी खात्रीचं बेणं मिळत असेल तर तेच घ्या. बाजारच्या बटाट्यातून विषाणूजन्य रोग येतात; पानं वळतात, रोप खुजं राहतं आणि त्यावर औषध नाही. आपल्या बटाटा पट्ट्यात बियाणं बरंचसं पंजाबातून येतं. हंगामात पट्ट्यातल्या व्यापाऱ्याकडे पाच किलोची गोष्ट केली तर तो हसेल, पण शेजारच्या चौघांनी मिळून एक गोणी घेता येते. कुफ्री पुखराज, कुफ्री ज्योती, कुफ्री लवकर यांपैकी कोणतीही जात चालेल.

तीस ते पन्नास ग्रॅमचा बटाटा अख्खा लावा. मोठा असेल तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे येतील असा उभा कापा आणि फोडी दोन दिवस सावलीत पसरून ठेवा. कापलेल्या जागी कोरडी साल धरते. ओल्या फोडी त्याच दिवशी लावल्या तर मातीत सडतात. तुमच्याकडे उगवले नाहीत त्याचं दुसरं संभाव्य कारण हेच.

पाला कमरेपर्यंत आला, फुलंही आली, पण खाली सुपारीएवढे चार बटाटे. कोकणात बटाटा होतच नाही का? — एक वाचक, रत्नागिरी

होतो, पण रात्रीच्या गारव्यावर. रात्रीचं तापमान पंधरा ते अठरा अंश असेल तर बटाटा जोमाने धरतो; वीस-बावीसच्या वर गेलं की रोप अन्न खाली पाठवण्याऐवजी पाल्यात घालतं. किनारपट्टीवर खऱ्या गार रात्री डिसेंबर-जानेवारीतच मिळतात. म्हणून घाटावर ऑक्टोबरच्या मध्यापासून लावणी चालते, तर तुम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लावा, म्हणजे धरण्याचा काळ बरोबर थंडीत येईल. कुफ्री सूर्या ही जात उष्णता सोसणारी आहे. रात्री वीस अंशांपर्यंतही तिला बटाटे धरतात. मिळाली तर तीच घ्या.

दुसरी शंका नत्राची. कोंबडीखत किंवा युरिया सढळ हाताने घातला असेल तर असंच होतं. वर दिलेल्या मिश्रणात वेगळ्या नत्राची गरज नाही. दुसरी भर लावताना एका गोलाला दहा ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश पुरे.

दोनशे लिटरचं निळं पिंप अर्धं कापून लावले. सुरुवात उत्तम, मग रोपं पिवळी पडली. उकरलं तर घाण वास. टायरचं वापरू का? — एक वाचक, नागपूर

टायर नको. काळं रबर दुपारी तापतं आणि टायरच्या आतल्या खाचेत पाणी साचून डासांची सोय होते ती वेगळीच.

पिंपात तुमच्या मुळांचा श्वास कोंडला. तळाला बारा-पंधरा मिलिमीटरची किमान दहा भोकं हवीत, आणि बाजूने तळापासून दोन इंचांवर आणखी सहा. पिंप विटांवर उचलून ठेवा, नाहीतर भोकं फरशीला टेकून बंद होतात. खाली खडीचा थर देण्याची पद्धत आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. मातीची ओलसर पातळी तेवढी वर सरकते. जाड भोकांवर नारळाची शेंडी अंथरली की काम झालं.

पाणी वरची माती बघून देऊ नका. बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तरच द्या. बटाटे धरायला लागल्यापासून मात्र ताण पडू देऊ नका. आठवडाभर कोरडं आणि मग एकदम भरपूर पाणी, असं झालं की बटाटे तडकतात किंवा वेडेवाकडे, गाठीगाठींचे होतात.

गच्चीवर असे तीन मनोरे ठेवता येतील? — एक वाचक, पुणे

नको. वर सांगितलेला ओला गोल साधारण दीडशे किलो भरतो आणि तो भार पाव चौरस मीटरपेक्षा थोड्या जास्त जागेवर येतो. वापरातल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो भार धरतात. गच्चीवर तीस लिटरच्या ग्रो-बॅग किंवा धान्याच्या गोण्या घ्या, प्रत्येकीत दोन बेणी, आणि त्या भिंतीलगत, तुळईच्या वर ओळीने मांडा. गोणीची कड बाहेर दुमडून आठ इंच मिश्रणापासून सुरुवात करायची आणि भर लावताना दुमड उलगडत जायची. प्लॅस्टिकची गोणी उन्हाने एका हंगामात चिरफळते. पुढच्या वर्षी तीच वापरली तर उचलताना हातात येईल.

पानांवर तपकिरी डाग आहेत. काही पानं खालून तांबूस होऊन वळलीत. एकच रोग का? — एक वाचक, सातारा

दोन वेगळ्या गोष्टी. डागात एकात एक वर्तुळं दिसत असतील तर तो लवकर येणारा करपा. जुन्या पानांपासून सुरू होतो आणि सावकाश पसरतो. ढगाळ, दमट, गार हवेत कडेपासून ओलसर काळपट डाग पडले आणि सकाळी पानाखाली पांढरी बुरशी दिसली तर उशिरा येणारा करपा. तो आठवड्यात सगळं झोपवतो, वाट बघू नका. डागाळलेली पानं काढून जाळा. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम, पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. पुडीवर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय काढणी करू नका. पाणी सकाळी आणि मुळाशीच द्या.

खालून तांबूस आणि वळलेली पानं म्हणजे कोळी ही बारीक कीड. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम. मावा असेल तर निंबोळी तेल पाच मिली आणि चिमूटभर साबण. गंधक आणि तेल यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं करपतात आणि दोष रोगाला दिला जातो.

रोपाला टोमॅटोसारखी हिरवी फळं आलीत. खायची का? — एक वाचक, ठाणे

अजिबात नाही, विषारी असतात. लहान मुलं असतील तर तोडून टाका. उन्हाने हिरवे झालेले बटाटेही तसेच, कडू लागतात. हिरवा भाग जाड सोलून टाका, सगळाच हिरवा असेल तर अख्खा फेका.

काढणी कधी, आणि तीच माती पुन्हा वापरू का? — एक वाचक, अहिल्यानगर

जातीप्रमाणे ऐंशी ते शंभर दिवसांनी पाला पिवळा पडून लोळतो. तेव्हा पाणी बंद करा, पाला जमिनीलगत कापा आणि आठ-दहा दिवस थांबा. एक बटाटा काढून अंगठ्याने घासा. साल सुटली नाही तर तार सोडा आणि गोल ताडपत्रीवर उकला. फावडं लावू नका, हातानेच चिवडा. बटाटे धुवायचे नाहीत. सावलीत दोन दिवस सुकवून अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा, कांद्याच्या शेजारी नको. पाकोळीचा त्रास असेल तर खाली-वर घाणेरीच्या वाळलेल्या पाल्याचा बोटभर थर द्या.

माती वापरा, पण पुढची दोन-तीन वर्षं बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची यांना नाही. सगळी एकाच कुळातली, रोगही सामाईक. उन्हाळ्यात ती ताडपत्रीवर चार बोटं पसरून महिनाभर तापवा, राहिलेले बारीक बटाटे वेचून काढा आणि पावसाळ्यात गवार, चवळी किंवा मेथीला द्या. एखादा गोटीएवढा बटाटा राहिला, तर जूनच्या पहिल्या पावसात तो आपण होऊन उगवेल, तेव्हाही उपटा.