खेळघर : तुमचे प्रश्न

प्रश्न : 'बियॉन्ड अ स्टील स्काय' हा व्हिडिओ गेम खेळायचाय. आधीचा १९९४ चा भाग खेळायलाच हवा का? जुनी चित्रं पाहून धीर होत नाही.

उत्तर : नाही खेळलात तरी अडणार नाही. २०२० चा हा भाग दहा वर्षांनंतर घडतो आणि लागेल तेवढी पूर्वकथा सुरुवातीलाच सांगतो. नायक तोच, रॉबर्ट फॉस्टर. एका मुलाचं अपहरण होतं आणि त्याच्या शोधात तो पुन्हा युनियन सिटी या खेळातल्या शहरात येतो.

पण माझं ऐकाल तर आधी १९९४ चा तो भाग, 'बिनीथ अ स्टील स्काय'च खेळा. २००३ पासून तो अधिकृतपणे मोफत आहे आणि स्कमव्हीएम या जुने खेळ चालवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरवर आजच्या संगणकावरही व्यवस्थित चालतो. चित्रं जुनी, मान्य; पण पार्श्वभूमीची रेखाटनं 'वॉचमेन' या चित्रकथेचे चित्रकार डेव्ह गिबन्स यांच्या हातची आहेत. आणि जोई, फॉस्टरचा यंत्रमानव सोबती! तो म्हणजे एक सर्किट बोर्ड. फॉस्टर तो खिशात बाळगतो आणि मिळेल त्या यंत्राच्या धडात बसवतो. धड बदललं की जोईला करता येणारी कामं बदलतात, तोंडाळपणा मात्र तोच. त्याच्याशी गट्टी जमल्याशिवाय नव्या भागातले काही प्रसंग मनाला भिडणारच नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

नव्या भागात सगळं त्रिमिती आहे. तिथली खरी मजा हॅकिंगची : यंत्राच्या 'हो' आणि 'नाही'च्या आज्ञांची अदलाबदल करायची, की नकार देणारं दार मुकाट्याने उघडतं. अडलात तर खेळातच टप्प्याटप्प्याने सूचना मिळतात. त्या बिनधास्त घ्या.