हजार शेअर की दहा?

प्रश्न : 20,000 रुपये शेअरमध्ये घालायचे आहेत. एका कंपनीचा भाव 20 रुपये, दुसरीचा 2,000. पहिलीचे हजार शेअर येतात, दुसरीचे जेमतेम दहा. शिवाय पहिलीचा भाव 200 वरून घसरलाय, आणखी किती पडणार? आणि 20 चे 40 व्हायला वेळ लागत नाही. स्वस्तातला घेतलेला बरा ना?

उत्तर : खात्यात हजार शेअर दिसले की बरं वाटतं, मान्य. पण भाव 10 टक्के वाढला तर दोन्हीकडे तुमचे 2,000 च वाढणार. 20 चे 40 व्हायचे तर अख्ख्या कंपनीची किंमत दुप्पट व्हावी लागते. 2,000 चे 4,000 व्हायलाही तेवढंच लागतं.

भाव म्हणजे नुसता भागाकार: कंपनीची एकूण किंमत भागिले शेअरची संख्या. सिटीग्रुप या अमेरिकी बँकेने 2011 मध्ये दहा शेअरचा एक केला आणि साडेचार डॉलरचा शेअर पंचेचाळीसच्या घरात गेला. बँक आदल्या दिवशी होती तीच! उलट बर्कशायर हॅथवे या अमेरिकी कंपनीने आपल्या ‘ए’ वर्गाच्या शेअरचं विभाजन (एकाचे अनेक करणं) कधी केलंच नाही, म्हणून तो लाखो डॉलरचा.

स्वस्त-महाग ठरवायचं तर प्रति शेअर कमाई बघा, म्हणजे कंपनीचा वर्षाचा नफा भागिले शेअरची संख्या. समजा, 20 चा शेअर वर्षाला 50 पैसे कमावतो आणि 2,000 चा 100 रुपये. म्हणजे पहिल्यात रुपयाभर कमाईसाठी तुम्ही 40 मोजताय, दुसऱ्यात 20. आता सांगा, महाग कोणता? कर्ज किती, कमाई दरवर्षी टिकते का, हेही तपासायचंच.

राहिलं ‘आणखी किती पडणार’. 20 चा 2 झाला तर तुमचे 90 टक्के गेले. 200 ला घेऊन 20 पर्यंत बसून राहिलेल्याचेही तेवढेच गेलेत. अगदी रुपया-दोन रुपयांच्या शेअरमध्ये तर विकायला बऱ्याचदा गिऱ्हाईकच नसतं. रुपयाच्या शेअरला खरेदी-विक्रीच्या भावात 5 पैशांचं अंतर असलं, तर घेताक्षणी 5 टक्के खड्ड्यात. (असल्या शेअरच्या ‘टिप्स’ फुकट का वाटतात, याचा विचार करा.)

भावाचा आकडा एकाच बाबतीत आडवा येतो: रक्कम लहान असते तेव्हा. हे 20,000 पाच कंपन्यांत वाटले तर प्रत्येकीला 4,000. त्यात 2,000 चे दोन बसतात, 15,000 चा एकही नाही. कंपन्यांची नावं कळवली नाहीत ते बरंच केलंत. नावावर मी मत देत नाही.