इंग्रजी फर्डं, तरी निबंधाला सहापैकी दोनच?

"घरात दिवसभर इंग्रजीच बोलते, वाचतेही भरपूर. मग सिंथेसिसला सहापैकी दोनच कसे?" न्यू जर्सीतल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगी अकरावीत, मे महिन्यात 'एपी इंग्लिश लँग्वेज'ची, म्हणजे अमेरिकेत शाळेतच देता येणारी महाविद्यालयीन पातळीची इंग्रजीची परीक्षा. तिच्यातल्या तीन निबंधांपैकी सिंथेसिस म्हणजे दिलेल्या संदर्भांचा (सोर्स) आधार घेऊन आपली बाजू मांडणं. शब्दसंग्रहाची दोन जाडजूड पुस्तकं घरात येऊन पडली होती. ती मी आधी बाजूला ठेवायला सांगितली.

कारण गुणांची वाटणी पाहा. थीसिसला, म्हणजे निबंधातल्या मुख्य दाव्याला १, पुरावा आणि त्यावरचं भाष्य यांना मिळून ४, विचारांच्या प्रगल्भतेला १. भारी शब्दांसाठी वेगळा रकानाच नाही.

मुलीने सोडवलेला प्रश्न २०१९ चा होता: पवनऊर्जा प्रकल्प उभारायचा की नाही हे ठरवताना कोणत्या बाबी सर्वांत महत्त्वाच्या? तिचा थीसिस होता, 'पवनचक्क्यांचे फायदेही आहेत आणि तोटेही, म्हणून नीट विचार करायला हवा.' याच्याशी भांडायला कोणी येणारच नाही, म्हणून गुण शून्य. पुढचे परिच्छेद 'सोर्स ए म्हणतो', 'सोर्स बी म्हणतो' असे रांगेने लावलेले. इंग्रजी सफाईदार, पण हा निबंध नव्हे, हा बैठकीचा इतिवृत्तांत!

"अगं, हे सगळे तुझे साक्षीदार आहेत. खटला कोणाचा आहे?" असं विचारल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "मला वाटतं गावातल्या लोकांना आधी विचारायला हवं." आजोळी साताऱ्याला गेली असताना चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या तिने पाहिल्या होत्या. तिथून थीसिस निघाला: 'वारा आणि खर्च मोजता येतात, म्हणून कंपन्या आधी तेच पाहतात, पण लोकांचा विरोध झाला की मोजलेली गणितंही अडतात, म्हणून स्थानिकांची संमती पहिली.' आता परिच्छेद सोर्सप्रमाणे न लावता मुद्द्यांप्रमाणे लावायचे. शक्य तिथे एका मुद्द्याखाली दोन सोर्स, एकमेकांना दुजोरा देणारे किंवा खोडणारे.

किमान तीन सोर्स लागतात. दोनच वापरले तर त्या चार गुणांतला एकच हाती लागतो. दुसऱ्याचे शब्द किंवा कल्पना घेतली की 'सोर्स सी' असा उल्लेख हवाच. आणि प्रत्येक उद्धरणानंतर स्वतःची दोन वाक्यं: यातून काय सिद्ध होतं, आणि ते माझ्या म्हणण्याला कसं लागू पडतं. उद्धरणावर परिच्छेद संपवायचा नाही. तिचे सर्वाधिक गुण इथेच गळत होते.

आर्ग्युमेंटमध्ये, म्हणजे स्वतःच्याच पुराव्यांवर बाजू मांडायच्या निबंधात, आजार उलटा. तिथे सोर्स नसतात, त्यामुळे मुलं गांधी, मार्टिन ल्यूथर किंग आणि स्टीव्ह जॉब्ज यांना एकेका ओळीत उरकतात. २०१९ लाच 'ओव्हररेटेड' या शब्दावरून स्वतः एखादी कल्पना निवडून तिच्यावर लिहायचं होतं. तिने शाळेतली शंभर टक्के हजेरी निवडली, ते उत्तम. पण पुरावे थोरामोठ्यांचे. त्याऐवजी प्रमाणपत्र चुकू नये म्हणून ताप अंगावर काढत वर्गात बसणारी मुलगी घे, म्हटलं. एकच उदाहरण, पण तिच्यामुळे शेजारच्या बाकावर काय झालं, शाळेने नक्की कशाचं कौतुक केलं, इथपर्यंत नेलेलं. स्वतःचा अनुभव इथे पुरावा म्हणून चालतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

वेळेचा घोळ होताच. तीन निबंधांना मिळून २ तास १५ मिनिटं, त्यातली १५ वाचनाची. पहिल्या निबंधावर ती तासभर रेंगाळायची. आता वाचताना प्रत्येक सोर्ससाठी एकच ओळ: हा कोणत्या मुद्द्याच्या कामाचा? मग प्रत्येक निबंधाला ४० मिनिटं: ५ आराखडा, ३० लेखन, ५ फेरवाचन. प्रस्तावना तीन वाक्यांत संपवायची. 'मानवजातीच्या प्रारंभापासून' वगैरे सुरुवात तर चुकूनही नको.

प्रगल्भतेचा तो एक गुण आईला फार खुपत होता. तो मुद्दाम मागे लागून सहसा मिळत नाही. विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊन त्याला खरंखुरं उत्तर दिलं, तर मिळू शकतो. तूर्त तो विसरा, असंच त्यांना सांगितलं.

पुढच्या सिंथेसिसला चार आले. थीसिसचा एक, पुराव्याचे तीन. शेवटच्या परिच्छेदात भाष्य पुन्हा आटलं होतं. या शनिवारी ती पूर्ण निबंध लिहिणार नाहीये. तोच शेवटचा परिच्छेद, घड्याळ लावून, दहा मिनिटांत, तीनदा.