दर वेळी त्याच जागी चट्टा उठतो, हे गोळ्यांमुळे असू शकतं का?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांच्या ओठावर आणि डाव्या मनगटावर दर दोन-तीन महिन्यांनी गोल चट्टा उठतो, आग होते, आठवडाभरात बसतो आणि काळा डाग मागे राहतो. गजकर्णाचं मलम झालं, पथ्य झालं. मला तुमच्या प्रश्नातले दोनच शब्द महत्त्वाचे वाटतात: ‘त्याच जागी’. गजकर्ण कडेने पसरत जातं. अंगावर उठलेलं पित्त काही तासांत जिरतं. ओठावरचं हर्पिस परत त्याच जागी येतं खरं, पण त्यात बारीक पाण्याच्या फोडांचा पुंजका असतो आणि मनगट त्याच्या जोडीने उठत नाही.

माझा डाग उजव्या अंगठ्याच्या बुडाशी होता, रुपयाच्या नाण्याएवढा. तीन वर्षांत पाच वेळा उठला, आणि बहुतेकदा लग्नाहून आल्यावर. म्हणून घरात आधी वांगं बंद झालं, मग अंडी. सासूबाई म्हणाल्या उष्णता आहे, सब्जाचं पाणी घे. शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “लग्नाहून आलं की पोट बिघडतं का? मग काय घेता?” तेव्हा कुठे जुलाबाची गोळी आठवली. मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्यांना मी औषध धरतच नव्हते.

त्यांनी घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स आणायला सांगितल्या. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या नावांच्या गोळ्या निघाल्या. एक तर कात्रीने अशी कापून दिलेली की नावाची शेवटची तीन अक्षरंच उरली होती. पण मागे बारीक अक्षरांत दोन्हीकडे तेच: ओफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल.

याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. चट्टा उठून गेला तरी त्या जागच्या कातडीत काही टी पेशी, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी, मुक्काम ठोकून राहतात. तेच औषध पुन्हा पोटात गेलं की त्या तिथेच जाग्या होतात. पहिल्यांदा चट्टा यायला आठवडा-दोन आठवडेही लागू शकतात, नंतर मात्र अर्ध्या तासापासून दिवसभरात कधीही. दर खेपेला डाग गडद होतो, कधी शेजारी नवा उठतो. औषध थांबलं की चट्टा आपोआप बसतो, म्हणून त्या आठवड्यात जे मलम लावलं असेल त्याला श्रेय मिळतं आणि खरं कारण डब्यातच राहतं. आपल्याकडे नेहमी सापडणारी औषधं म्हणजे सल्फाच्या गोळ्या, जुलाबाच्या गोळ्यांतली ऑर्निडाझोल-टिनिडाझोल, नॉरफ्लॉक्सॅसिन, डॉक्सिसायक्लीन आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या. साधं पॅरासिटामॉलसुद्धा कधीकधी.

तेव्हा मिस्टरांना विचारा की मागचा चट्टा उठला त्याच्या आदल्या दोन दिवसांत काय काय घेतलं: डोकेदुखीची, सर्दीची, पाठदुखीची गोळी, आयुर्वेदिक चूर्णसुद्धा. चट्टा ताजा असताना फोटो काढा. खात्री करायला घरी गोळी घेऊन बघू नका, कृपा करून. माझी पॅच टेस्ट, म्हणजे औषध कातडीवर लावून बघायची चाचणी, जुन्या डागावरच केली आणि ऑर्निडाझोल सापडलं. ही टेस्ट निगेटिव्ह आली तरी औषध निर्दोष ठरत नाही, म्हणून ती तज्ज्ञांकडेच करावी. बीपी, फिट्स किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून बदला.

आणि एक लक्षात ठेवाच. चट्ट्यांबरोबर ताप आला, डोळे लाल झाले, तोंडात फोड आले किंवा कातडी सुटायला लागली तर थांबू नका, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलला न्या. तो वेगळा आणि जिवावर बेतणारा प्रकार असू शकतो.

औषध सापडलं की त्याच्या दुष्परिणामाची नोंदही करता येते. भारतात 2010 पासून त्यासाठी सरकारी कार्यक्रम आहे, रुग्णही 1800-180-3024 या टोल-फ्री नंबरवर कळवू शकतो.

माझ्या पर्समध्ये आता एक चिठ्ठी असते. तिच्यावर ब्रँड नाही, औषधाचं मूळ नाव आहे, आणि खाली त्याच घराण्यातली मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल. गेल्या महिन्यात दाढ काढल्यावर डेंटिस्टनी मेट्रोनिडाझोल लिहिलं होतं. चिठ्ठी पुढे केली, त्यांनी वाचली आणि ती ओळ खोडून दुसरं औषध लिहिलं. अंगठा अजून स्वच्छ आहे.